कोपऱ्यात उरलेला माल: क्लीनअपचे टूल कसे निवडावे?

प्रश्न : लातूरच्या एमआयडीसीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. फवारणी पंपाच्या प्लास्टिकच्या भागाचा साचा पी-२० स्टीलमध्ये करायला घेतला आहे. कॅव्हिटी २४ मिमी खोल, उभ्या कोपऱ्यांची त्रिज्या ४ मिमी आणि तळाच्या कडेची २ मिमी. १६ मिमीच्या कटरने रफिंग व्यवस्थित होते. पण क्लीनअपला ३ मिमीचे बॉलनोज लावले की कोपऱ्यात शिरताच ते ओरडते आणि तुटते. फीड निम्मे केले तरी तेच. चूक टूलची की सेटिंगची?

उत्तर : थोडी टूलची, थोडी सेटिंगची, पण दोन्हींच्या आधी एक हिशेब राहून गेला आहे. रफिंगनंतर कोपऱ्यात माल किती उरला, तो मोजलेला नाही. क्लीनअपचे टूल ड्रॉइंगवरची सर्वांत लहान त्रिज्या पाहून निवडायची सवय सर्रास दिसते. ते निवडायचे असते उरलेला माल पाहून.

काडेपेटीच्या खणात एक रुपयाचे नाणे ठेवून ते कोपऱ्यात सरकवा. नाणे दोन्ही भिंतींना टेकते, पण कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. मध्ये तिकोनी जागा राहते, आणि नाणे मोठे असेल तर ती जागाही मोठी. गोल कटरचे नेमके हेच होते. फरक इतकाच की तिथे मोकळी जागा नसते, स्टील असते.

आता तुमचे आकडे घेऊ. १६ मिमी कटरची त्रिज्या ८ मिमी. भिंतीवर ०.५ मिमी माल ठेवून रफिंग केले असे धरू. सरळ भिंतीवर काढायला अर्धा मिमीच माल आहे. कोपऱ्यात मात्र तिरके, म्हणजे कर्णाच्या दिशेने मोजले तर अंतिम आकारापर्यंत सुमारे २.३६ मिमी माल शिल्लक असतो. भिंतीच्या जवळजवळ पावणेपाचपट! भिंतीलगत आरामात चालणाऱ्या ३ मिमीच्या टूलपुढे कोपऱ्यात अचानक पाऊण व्यासापेक्षा जास्त माल येतो. ते ओरडते ते या धक्क्यामुळे.

त्यात भर पडते लांबीची. २४ मिमी खोलीसाठी टूल होल्डरच्या बाहेर निदान २८ मिमी काढावे लागते. ३ मिमीच्या टूलला ही लांबी व्यासाच्या नऊपटीहून जास्त होते. टूल किती वाकेल हे लांबीच्या घनावर आणि व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर वाकणे ८ पट होते, आणि तेवढ्याच लांबीला व्यास निम्मा केला तर १६ पट. म्हणजे ६ मिमीच्या जागी ३ मिमीचे टूल लावले, की तेवढ्याच जोराला ते १६ पट वाकते. म्हणून पहिला नियम असा, की कोपऱ्यात मावेल असे सर्वांत जाड टूल घ्यावे आणि ते गरजेपुरतेच बाहेर काढावे.

मग ८ मिमीचे एंडमिल का नको? त्याची त्रिज्या ४ आणि कोपराही ४, म्हणजे बरोबर बसेल असे वाटते. पण तसे बसले की टूल कोपऱ्याला पाव वर्तुळभर एकदम चिकटते, एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर जाताना क्षणभर थांबते आणि तिथेच चॅटर उमटतो. टूलची त्रिज्या कोपऱ्याच्या त्रिज्येपेक्षा कमी असली, की टूल वळण घेत कोपऱ्यातून जाते. तुमच्यासाठी ६ मिमी योग्य.

तळाच्या २ मिमी त्रिज्येमुळे तुम्ही ३ मिमीच्या बॉलनोजकडे वळलात, असे दिसते. इथे बुलनोज तुमचे काम सोपे करते. बॉलनोजमध्ये टोकाची त्रिज्या आणि टूलचा व्यास एकमेकांना बांधलेले असतात. बुलनोजमध्ये ते वेगळे असतात. ६ मिमी व्यासाचे आणि टोकाला १.५ मिमी त्रिज्येचे बुलनोज उभा कोपराही साफ करते आणि तळाची कडही. ३ मिमीच्या टूलची या जॉबला गरजच नाही.

तरीही १६ वरून थेट ६ वर उडी मारू नका. मध्ये १० मिमीच्या कटरने भिंतीवर ०.३ मिमी ठेवून सेमी-फिनिश घ्या. त्याच्याही वाट्याला कोपऱ्यात दीड मिमीच्या आसपास माल येईल, पण तो जाड असल्याने झेलेल. त्यानंतर कोपऱ्यात उरतो ०.८४ मिमी. २.३६ चे ०.८४ झाले, आणि ६ मिमीचे टूल शांत चालू लागले. साधारण अंदाज म्हणून पुढचे टूल मागच्याच्या निम्म्याहून फार लहान नसावे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ टूल वाचतात.

क्रमही महत्त्वाचा. आधी ६ मिमीच्या टूलने फक्त कोपरे घ्या आणि तिथे भिंतीइतकाच माल उरेल असे करा. त्यानंतर भिंत आणि कोपरा मिळून एकच सलग फिनिशिंग कट द्या. फिनिशिंगच्या टूलला सगळीकडे सारखा माल मिळाला, की आवाज बदलत नाही आणि पृष्ठभागही बदलत नाही. फिनिशिंग उरकून मग कोपरे खरवडायचे, ही उलटी रीत सोडलेली बरी.

आता आकडे. पी-२० हे साधारण रॉकवेल सी ३० च्या आसपास कडक केलेले स्टील. चांगल्या कोटेड कार्बाइडला मिनिटाला ११० मीटरच्या आसपासची कटिंग स्पीड सुरुवातीला ठीक. ६ मिमी व्यासाला ती ६००० आरपीएमला मिळते. चार धारा, दर धारेला ०.०४ मिमी फीड, म्हणजे मिनिटाला ९६० मिमी. कोपऱ्यातले क्लीनअप ०.३ मिमीच्या पायऱ्यांनी खाली न्या. हे आकडे सुरुवातीचे समजा. टूल बनवणाऱ्याच्या तक्त्यातला खालचा आकडा घेऊन हळूहळू वर जावे.

आणि कोपऱ्यात फीड खरोखरच कमी करायचे असते, पण वेगळ्या कारणाने. प्रोग्राममधले फीड टूलच्या केंद्राचे असते. ४ मिमीच्या कोपऱ्यात ६ मिमीचे टूल फिरते तेव्हा केंद्र फक्त १ मिमी त्रिज्येच्या वळणावर चालते आणि धार ४ मिमी त्रिज्येवर. म्हणजे धारेचे फीड चौपट होते. ते मूळच्याइतके ठेवायचे तर कोपऱ्यापुरते ९६० चे २४० करावे लागते. बहुतेक कॅम सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कोपऱ्यातले फीड कमी करण्याचा पर्याय असतो. तो चालू करा.

सगळीकडेच फीड निम्मे केल्याने टूल वाचत नाही, हे तुम्ही स्वतः अनुभवले आहे. कारण असे : धार कितीही तीक्ष्ण दिसली तरी तिच्या टोकाला काही मायक्रॉनची गोलाई असते. चिप फार पातळ झाली की धार कापण्याऐवजी घासते, तापते आणि लवकर बोथट होते. भार कमी करायचा असेल तर कटची खोली कमी करा. दर धारेचे फीड फार खाली नेऊ नका.

शेवटी दोन गोष्टी मशीनपाशी जाऊन तपासा. पहिली, टूलचा मार. दोन धारांच्या टूलला ०.०२ मिमी मार असेल आणि दर धारेचे फीडही ०.०२ असेल, तर एक धार दुप्पट कापते आणि दुसरी नुसती फिरते. टूल ‘लगेच’ तुटण्यामागे पुष्कळदा हेच असते. कोलेट आणि नट पुसून घ्या, डायल लावून पाहा. लहान टूलला मार एक शतांश मिमीच्या आत हवा. दुसरी, चिप. खोल कोपऱ्यात साचलेली चिप टूल पुन्हा कापते आणि त्यातच मोडते. हवेचा झोत थेट कोपऱ्यावर धरा. स्टीलमध्ये तापलेल्या कार्बाइडवर थांबून थांबून पडणाऱ्या कूलंटपेक्षा सलग हवा बरी.

प्रश्न : मी नांदेडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅमच्या प्रात्यक्षिकात सर ‘रेफरन्स टूल’ भरायला सांगतात. मागचा टूलपाथ सॉफ्टवेअरमध्येच आहे, मग उरलेला माल त्याला आपोआप कळत नाही का? आणि कधी कधी टूल हवेतच फिरत राहते, ते का?

उत्तर : सॉफ्टवेअरला तुम्ही सांगाल तेवढेच कळते, आणि सांगण्याच्या दोन पद्धती आहेत. मास्टरकॅम असो, एनएक्स, पॉवरमिल वा फ्यूजन, नावे बदलतात, विचार हाच राहतो.

पहिली पद्धत रेफरन्स टूलची. ‘आधी १० मिमीचे टूल फिरले’ एवढेच तुम्ही सांगता. सॉफ्टवेअर मॉडेल पाहून १० मिमीचे टूल कुठे पोचणार नाही ते शोधते आणि तेवढ्याच भागात नवे टूल फिरवते. हे झटपट होते. पण ते टूल खरोखर तिथवर गेले होते का, होल्डर अडेल म्हणून वरच थांबले होते का, हे त्याला माहीत नसते.

दुसरी पद्धत स्टॉक मॉडेलची. कच्च्या ठोकळ्यातून प्रत्येक टूलपाथने काय काढले याचा हिशेब सॉफ्टवेअर ठेवते आणि राहिलेल्या मालावर पुढचा टूलपाथ बनवते. वेळ जास्त लागतो, पण खोल किंवा चढउतार असलेल्या जॉबला हीच खात्रीची. रफिंगनंतरच्या क्लीनअपला स्टॉक मॉडेल आणि शेवटच्या बारीक कोपऱ्यांना रेफरन्स टूल, अशी वाटणी बहुतेक कामांत जमते.

टूल हवेत फिरते त्याचे कारण टॉलरन्समध्ये असते. स्टॉक मॉडेल ढोबळ टॉलरन्सवर बनवले तर वळणदार पृष्ठभागावर नसलेला माल दिसू लागतो. तो ‘काढायला’ टूल इकडून तिकडे उड्या मारत बसते. मॉडेलचा टॉलरन्स बारीक करा आणि ‘०.०५ मिमीपेक्षा कमी उरलेला माल सोडून दे’ अशी मर्यादा घाला. निरर्थक उड्या बऱ्याच कमी होतील.

रेफरन्स टूल भरताना खऱ्यापेक्षा किंचित मोठे भरावे, १० मिमीला १०.५ किंवा ११. मग क्लीनअपचा पट्टा थोडा बाहेरपर्यंत पसरतो आणि दोन टूलच्या सीमेवर कुठे काही राहून जात नाही. तसेच धार लावून ९.८ मिमी झालेले एंडमिल १० म्हणून चालवले, तर भिंतीवर ०.१ मिमी माल जास्त राहतो. तो सॉफ्टवेअरच्या हिशेबात नसतो. तो सोसते पुढचे लहान टूल. चालवायच्या टूलचा मात्र मोजलेला व्यासच भरायचा.

पेन्सिल टूलपाथबद्दलही एक गैरसमज दूर करू. पेन्सिल म्हणजे कोपऱ्याच्या मधोमध एकच फेरी. माल थोडाच उरला असेल तरच ती चालते. जास्त असेल तर बाहेरून आत अशा अनेक फेऱ्या निवडा. आणि उभ्या कोपऱ्यात टूल वरून खाली लोटू नका. उताराच्या जागी कोपऱ्याच्या लांबीने, उभ्या जागी झेड-पातळीच्या पायऱ्यांनी, असे दोन भाग करा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कोनाची मर्यादा देता येते.

तुम्ही बॉलनोज वापरणार असाल तर आणखी एक हिशेब करून पाहा. ६ मिमीचे बॉलनोज सपाट भागावर ०.२ मिमी खोल चालते तेव्हा प्रत्यक्ष कापणारा व्यास २.१५ मिमीच्या आसपास असतो, आणि अगदी टोकाची गती शून्य असते. ६००० आरपीएमला ६ मिमीच्या हिशेबाने ११३ मीटर वाटते, मिळते जेमतेम ४०. म्हणून बॉलनोजला आरपीएम जास्त लागतो आणि सपाट तळाला ते टाळलेले बरे.

लहान बॉलने फिनिश गुळगुळीत येते, हेही खरे नाही. दोन फेऱ्यांमध्ये राहणाऱ्या रेघेची उंची काढायची असेल तर स्टेपओव्हरच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागा. ०.३ मिमी स्टेपओव्हरला ६ मिमीचा बॉल ३.७५ मायक्रॉन उंचीची रेघ ठेवतो, ३ मिमीचा बॉल ७.५ मायक्रॉनची. लहान टूल फक्त जिथे मोठे पोचत नाही तिथेच.

प्रश्न : नांदेडमध्ये माझे जॉबवर्कचे काम आहे. क्लीनअप ठीक होते, पण कोपरा आणि भिंत मिळतात तिथे नखाला लागेल अशी उभी रेघ राहते. पॉलिशवाला दरवेळी कुरकुर करतो. टूल बदलूनही रेघ जात नाही.

उत्तर : ही रेघ म्हणजे दोन कटांमधला पायरीइतका फरक. नखाला लागते म्हणजे फरक काही शतांश मिमीचा असू शकतो. तो तीन ठिकाणांहून येतो.

पहिले, टूलचे वाकणे. लांब, बारीक टूल माल काढताना भिंतीपासून किंचित दूर ढकलले जाते. कोपऱ्यात माल जास्त, म्हणून वाकणेही जास्त. उपाय वर सांगितलाच आहे : कोपऱ्यातला माल आधी भिंतीइतका करून घ्या. शिवाय शेवटची फेरी माल न वाढवता त्याच मार्गावर पुन्हा एकदा फिरवा. वाकल्यामुळे मागे राहिलेला माल ती काढते.

दुसरे, दोन टूलची मापे. भिंतीचे टूल कागद लावून आणि कोपऱ्याचे टूल सेटरवर मापले, तर मापांत फरक राहणारच. सगळी टूल एकाच पद्धतीने मोजा. क्लीनअपचे टूल कोपऱ्याबाहेर भिंतीवर मिलिमीटरभर पुढे न्या आणि तिथून ते वळण घेत सुटू द्या. टूल जिथे एकदम आत शिरते किंवा एकदम सुटते तिथे खूण राहते.

तिसरे कारण उन्हाळ्यात हमखास आढळते. नांदेडच्या मे महिन्यात शेडखाली दुपारचे तापमान सकाळपेक्षा सहज १० अंशांनी वाढते. स्टील दर अंशाला दर मीटरमागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढते. ३०० मिमीची प्लेट १० अंशांत ३५ मायक्रॉनच्या आसपास वाढते. मशीनही वाढते, पण जॉबबरोबर आणि सारखे नाही. स्पिंडल तर स्वतःच्या उष्णतेने आणखी लांबतो. दुपारी भिंती केल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरे, तर रेघ येणारच. भिंती आणि कोपरे एकाच बैठकीत करा, सुरुवातीला स्पिंडल १५–२० मिनिटे रिकामा फिरवा, आणि मध्ये वीज जाऊन मशीन बराच वेळ थंड राहिले तर पुन्हा गरम करूनच कट सुरू करा. काही जण हे वेळेचे नुकसान समजतात. पॉलिशला लागणारा वेळ मोजला की ते फायद्याचे ठरते.

प्रश्न : लातूरच्या आयटीआयमधून मी मशिनिस्ट झालो. आमच्या इथल्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यासारख्या ठिकाणी हे कोपऱ्याचे काम उपयोगी पडते का? आणि अगदी काटकोनी कोपरा मिलिंगने कधीच येत नाही का?

उत्तर : लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. डब्याच्या कामात मुख्यतः पत्रा कापणे, वाकवणे आणि वेल्डिंग असते. पण वेल्डिंगला पत्रे जागेवर धरायला जिग आणि फिक्सचर लागतात, पत्रा दाबायला डाय लागतात, आणि ती सगळी मिलिंगची कामे. कोपरे तिथे आहेतच.

काटकोनी आतला कोपरा मात्र फिरत्या कटरने येत नाही, कारण गोल टूल आपली त्रिज्या मागे ठेवतेच. बाहेरच्या कडा काटकोनी होतात. आतला कोपरा नाही. साच्यात तो खरोखर हवा असेल तर तांब्याचे किंवा ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड करून स्पार्क मशीनवर काढतात. आरपार असेल तर वायरकट, आणि तिथेही तारेच्या निम्म्या जाडीहून किंचित मोठ्या त्रिज्येची बारीक गोलाई राहतेच.

फिक्सचरमध्ये तर काटकोनाची गरज बहुतेक वेळा नसते. खाचेत चौकोनी ठोकळा बसवायचा असेल तर कोपऱ्यात भिंतीच्या थोडे बाहेर जाणारे ड्रिलचे भोक द्या. ठोकळ्याचा कोपरा त्या भोकात मोकळा राहतो, ठोकळा दोन्ही भिंतींना नीट टेकतो आणि क्लीनअपचे काम उरतच नाही. डिझाइन करणाऱ्याला दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या : हा कोपरा किती मिमी त्रिज्येचा चालेल, आणि या कोपऱ्यात नेमके काय बसणार आहे? ‘३ ऐवजी ४ चालेल’ असे उत्तर आले तर जाड टूल लावता येते आणि काम लवकर उरकते.

हे काम पुढे शिकायचे असेल तर मराठवाड्यातच सोय आहे. छत्रपती संभाजीनगरला केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग मंत्रालयाची इंडो-जर्मन टूल रूम आहे आणि तिथे टूल व डाय बनवण्याचे आणि कॅड-कॅमचे अभ्यासक्रम चालतात. नांदेडला विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान संस्था १९८१ पासून आहे. वाळूज आणि चाकणच्या कारखान्यांत मराठवाड्यातली कितीतरी मुले मशीनवर आहेत. नुसते सायकल स्टार्टचे बटण दाबणारा आणि कोपऱ्यात किती माल उरला हे आधी सांगू शकणारा, यांच्यात तिथे लवकरच फरक दिसतो. तुम्ही आयटीआयमध्ये भूमिती शिकलाच आहात. पुढचा जॉब हातात घ्याल तेव्हा कोपऱ्याचा हिशेब कागदावर करा, मगच टूल उचला.